असील कोंबडा आणि ‘इंडियन गेम’

प्रश्न : इंग्लंडमधल्या कोंबड्यांच्या प्रदर्शनांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. ‘इंडियन गेम’ला ‘भारतीय खेळ’ म्हणू का? आणि ‘असील’ म्हणजे नेमकं काय?

उत्तर : ‘खेळ’ कृपया नको, अर्थाचा अनर्थ होईल. इथे ‘गेम’ म्हणजे झुंजीच्या वंशाची कोंबडी.

‘असील’ मात्र आपल्या ओळखीचा शब्द आहे. मूळ अरबी, अर्थ खानदानी, शुद्ध बीजाचा. आपला ‘अस्सल’ त्याच कुळातला आणि वकिलाचा ‘अशील’सुद्धा. वकील ज्याच्या वतीने बोलतो तो मूळ माणूस म्हणजे अशील.

आपल्याकडच्या झुंजीच्या कोंबड्यांच्या एका जातीचं हेच नाव, आणि आपल्याकडे कोंबड्याचं असीलपण झुंजीत ठरायचं. इंग्लंडमध्ये 1835च्या कायद्याने झुंजींवर बंदी आली, 1845 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात प्रदर्शन भरलं आणि हळूहळू कोंबडा नुसत्या नजरेने पारखण्याची रीत रुजली. 1865 मध्ये प्रदर्शनांसाठी जातवार लक्षणांचं पुस्तक निघालं. संपादक टेगेटमायर, डार्विनला कबुतरं-कोंबड्यांची माहिती पुरवणारे तेच.

आता असील नीट बघा. तुरा बुटका, डोक्याला चिकटलेला, मटाराच्या दाण्यांसारख्या उंचवट्यांचा. चोचीखाली लोंबणारं मांस जवळपास नाहीच. पिसं आखूड, कडक, अंगासरशी. समोरच्याच्या चोचीत धरायला काही सापडू नये, अशीच सगळी ठेवण. झुंज गेली तरी परीक्षक आजही हीच लक्षणं बघतात, हे मला फार विलक्षण वाटतं.

प्रश्न : मग ‘इंडियन गेम’ म्हणजे असीलच का?

उत्तर : नाही, इथे गल्लत करू नका. ती जात इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात तयार झाली. असील आणि तिकडचे झुंजीचे कोंबडे यांच्या संकरातून ती आली, म्हणून नावात ‘इंडियन’. अमेरिकेत तिलाच ‘कॉर्निश’ म्हणतात. तिची छाती चांगली रुंद आणि भरलेली असते. आज दुकानात मिळणाऱ्या ब्रॉयलरच्या नराकडच्या वंशात हेच कॉर्निश रक्त आहे.

तेव्हा ‘इंडियन गेम’ तसंच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘झुंजीच्या वंशाची जात’ एवढं जोडा. लेखात जातीच्या ठरलेल्या लक्षणांना ‘स्टँडर्ड’ म्हटलं असेल, तर त्याला ‘मानक’ म्हणा, ‘पॉइंट्स’ना ‘लक्षणं’. पण गुणांकनाचा संदर्भ असेल तिथे ‘गुण’. आणि ‘असील’मधला स दंत्यच राहू द्या. ‘अशील कोंबडा’ छापलं, तर वाचक वकील शोधत बसेल.