हेलन अ‍ॅलिंगहॅमची खेडी खरी की सजवलेली?

रानवाट:
हेलन अ‍ॅलिंगहॅमची (१८४८–१९२६) जलरंगचित्रं परवा पुन्हा पाहिली. इंग्लंडमधल्या सरे परगण्यातली जुनी बैठी घरं, दारात फुलांचे ताटवे, कडेवर मूल घेतलेली बाई. हात विलक्षण आहे, तरी मला ही चित्रं खोटी वाटतात. १८८०च्या दशकात तिथली शेती मंदीत होती, मजूर गाव सोडून शहरात जात होते. हिच्या चित्रात मात्र कुणाचंच छप्पर गळत नाही. लंडनच्या दिवाणखान्यांसाठी रंगवलेलं खेडं आहे हे.

ओलाकागद:
खोटी? अजिबात नाही. १८८१ मध्ये ती विटलीजवळ सँडहिल्सला राहायला गेली. तेव्हा तिथली जुनी घरं पाडली जात होती, नाहीतर पार बदलली जात होती. ती नाहीशी व्हायच्या आत हिने रंगवली. १८८६ चं तिचं अख्खं प्रदर्शन सरेमधल्या घरांचं होतं. कौलांवरचं शेवाळ, धुरांड्यांची ठेवण बघा. समोर बसल्याशिवाय ते येत नाही. आणि उजेड दाखवायला पांढरा रंग थापलेला नाही. वाळलेला रंग चाकूने खरवडून, स्पंजने उचलून खालचा कागद उघडा केलाय. मी जलरंगातच काम करते. कागद न फाटता हे साधायला वर्षं जातात.

रानवाट:
नोंदच करायची होती, तर नव्या खिडक्या खोडून त्या जागी जुन्या जाळीदार खिडक्या का काढल्या?

पाटीपेन्सिल:
दिवाणखान्यांचा टोमणा मला लागला. १८६२ मध्ये घटसर्पाच्या साथीत तिचे डॉक्टर वडील आणि धाकटी बहीण दोघंही गेली. पुढे तिने नियतकालिकांसाठी चित्रं काढून पोट भरलं. १८८९ मध्ये नवरा, कवी विल्यम अ‍ॅलिंगहॅम, वारला. तीन मुलं या चित्रांवरच वाढवली. १८९० मध्ये रॉयल वॉटरकलर सोसायटीची पूर्ण सभासद झालेली ती पहिली बाई.

रानवाट:
त्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण चित्रकाराला गरज होती म्हणून चित्र खरं ठरत नाही.

ओलाकागद:
खिडक्यांचं मान्य. पण त्याही तिने मनाने रचल्या नाहीत, दुसऱ्या जुन्या घरांवरून घेतल्या.

रानवाट:
मग प्रदर्शनात चित्राखाली तेवढं लिहा: भिंती इथल्या, खिडक्या दुसरीकडच्या. माझी तक्रार मिटेल.