न्यू इंग्लंडच्या वसाहती वाढल्या त्या नेमक्या कशाच्या जोरावर?

शेवंती:
मुलीला शाळेत अमेरिकेतल्या प्लिमथ या इंग्रज वसाहतीवर प्रकल्प दिलाय. तिच्याबरोबर वाचताना एका ठिकाणी मीच अडकले आहे. जाणकारांनी मदत करावी.

व्हर्जिनियाचं समजतं. १६०७ला जेम्सटाउन वसलं, माणसं पटापट मेली, पण पुढे तंबाखूनं हात दिला. उत्तरेकडे, न्यू इंग्लंडमध्ये, मात्र ना तंबाखू, ना सोनं. जमीन दगडगोट्यांची, हिवाळा जीवघेणा. १६२०मध्ये 'मेफ्लॉवर'मधून आलेल्या १०२ जणांपैकी जवळजवळ निम्मे पहिल्या हिवाळ्यातच गेले. बरं, १६४०नंतर इंग्लंडहून नवी माणसं येणंही थांबल्यासारखंच झालं. तरी १७००पर्यंत तिथे ९०,०००च्या आसपास वस्ती होती. ही वाढ आली कुठून? मुलीच्या पुस्तकात 'धर्मासाठी आले' एवढ्यावर धडा संपतो.

दर्यावर्दी:
शेवंतीताई, धर्म होताच. इंग्लंडचा राजा पहिल्या चार्ल्सच्या राज्यात प्युरिटन मंडळींना, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये आणखी सुधारणा हवी असणाऱ्यांना, आपल्या पद्धतीनं उपासना करणं अवघड होत चाललं होतं. पण वस्ती टिकली ती जहाजात कोण बसलं होतं त्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. जेम्सटाउनला पहिल्या खेपेत शंभरेक पुरुष आणि पोरगे उतरले, बाई एकही नाही. १६३०मध्ये जॉन विन्थ्रॉपच्या ताफ्यातल्या ११ जहाजांतून मॅसॅच्युसेट्सला सुमारे ७०० माणसं आली, ती नवरा-बायको, लेकरं, गडी, गुरंढोरं अशी संसारासकट. पुढच्या दहा वर्षांत हा आकडा २०,०००च्या घरात गेला. त्यांच्यातलेही दोनेकशे जण पहिल्या हिवाळ्यात दगावले. पण नंतर त्याच थंडीनं त्यांना तारलं. व्हर्जिनियाच्या दलदलीत हिवताप माणसं खात होता, तो इथे फारसा पाय रोवू शकला नाही. बालपणातून वाचलेला माणूस साठी-सत्तरी गाठायचा. मुलींची लग्नं विशी-बाविशीत व्हायची आणि घरात सात-आठ मुलं असणं नेहमीचं होतं. १६४०नंतरची तुमची वाढ बहुतांशी या पाळण्यांतून आलेली आहे.

आता या पोरांना जमीन कुठून? इथे त्यांची गाव वसवायची रीत बघा. व्हर्जिनियात जो तो नदीकाठी आपापला मळा घेऊन पांगला. मॅसॅच्युसेट्सचं जनरल कोर्ट, म्हणजे तिथलं कायदेमंडळ, जमीन साधारणपणे गटाला देई. १६३६ला डेडहॅम वसलं तेव्हा घरटी वाटप झालं: घराची जागा, शेताचा तुकडा, गवताच्या कुरणातला वाटा. उरलेली जमीन गावाच्या नावे राखून ठेवली, पुढच्या पिढ्यांसाठी. सगळ्यांना समान वाटा मिळत नसे, मानमरातब आणि कुटुंबाचा आकार बघून ठरे. शेतं कमी पडली की काही घरं कोर्टाकडे अर्ज करत आणि नवं गाव मांडत. केळीच्या बुंध्याशी पिलं फुटावीत तशी गावातून गावं फुटत गेली.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते गवत. किनाऱ्यालगत खाऱ्या दलदलीत गवत आयतं उगवलेलं असायचं, झाडं तोडायची गरज नाही. म्हणून सुरुवातीची कितीतरी गावं अशा गवताच्या आसपास आहेत. १६३४मध्ये न्यूटाउनच्या लोकांनी, म्हणजे आजच्या केंब्रिजच्या, कोर्टात तक्रार केली की गुरांना चराई पुरत नाही. दोन वर्षांनी त्यांचे धर्मोपदेशक थॉमस हूकर शंभरेक माणसं आणि १६० गुरं हाकत रानातून निघाले ते कनेक्टिकट नदीकाठी, आजच्या हार्टफर्डला पोचले. वाटेत त्या गुरांचंच दूध प्यायले. एक नवी वसाहत अशी उभी राहिली.

मुलीच्या प्रकल्पासाठी प्लिमथची एक गोष्ट सांगतो. आधी तिथे शेती सामाईक होती. १६२३मध्ये प्रत्येक कुटुंबाला मक्यासाठी वेगळा तुकडा दिला आणि लोक जास्त राबू लागले. गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डनं स्वतः तसं लिहून ठेवलंय. १६२७मध्ये जनावरांची वाटणी झाली. गावाचे १२ गट पाडले, प्रत्येकात १३ माणसं, आणि तान्ही बाळंसुद्धा मोजली. म्हणजे एखाद्या गाईला १३ वाटेकरी, त्यातला एक पाळण्यातला! ती यादी नावांसकट शिल्लक आहे, मुलीला जरूर दाखवा.

आणि १६४०चा धक्का खरा होता. तोवर नवे येणारे रोख पैसे देऊन जुन्यांकडून गाई नि मका घेत, त्यावर सगळा बाजार चाले. इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंटचं फाटलं, माणसं यायची थांबली, गुरांचे भाव निम्म्याहून खाली कोसळले. मग ही मंडळी समुद्राकडे वळली. खारवून वाळवलेला कॉड मासा स्पेन-पोर्तुगालला जाऊ लागला. हलक्या प्रतीचा मासा, लाकूड, घोडे कॅरिबियन बेटांवर, जिथे गुलामांच्या कष्टावर साखर पिकत होती. न्यू इंग्लंडच्या बरकतीत तो पैसा आहे, हे मुलीला सांगायला संकोच करू नका.

पाणकावळा:
दर्यावर्दी, उत्तर उत्तम आहे, पण "नवं गाव मांडत" हे वाचून थांबलो. कोणाच्या जमिनीवर?

प्लिमथ जिथे वसलं तिथे पटक्सेट नावाचं गाव होतं. १६१६ ते १६१९च्या साथीत ते अख्खं मेलं. साफ केलेली शेतं तयार होती. त्या गावचा टिस्क्वांटम वाचला कारण १६१४मध्येच एका इंग्रज कप्तानानं त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं. तो लंडनमार्गे परत आला तेव्हा घरी कोणीच नव्हतं. त्यानंच मग या लोकांना मका पेरायला शिकवलं. माझ्याच्यानं हे सहज वाचून पुढे जाता येत नाही.

हूकर ज्या खोऱ्यात गेला तिथे १६३३-३४ला देवीची साथ येऊन गेली होती. १६३७च्या मे महिन्यात इंग्रजांनी आणि त्यांच्या मित्र टोळ्यांनी मिस्टिक इथलं पीक्वॉट या मूळ टोळीचं कुंपणबंद गाव पहाटे पेटवलं. बायका-मुलांसह शेकडो माणसं तासाभरात मेली. पुढच्या वर्षीच्या तहात तर पीक्वॉट हे नाव घ्यायलाही बंदी घातली. त्यानंतर कनेक्टिकटमध्ये गावं झपाट्यानं वाढली.

आणि गुरांचं म्हणाल तर डुकरं मोकाट सोडलेली असत. ती मूळ लोकांच्या बिनकुंपणाच्या मक्यात घुसत, ओहोटीला किनाऱ्यावरचे शिंपले उकरून खात. भांडणं तिथून पेटत. १६२१मध्ये प्लिमथशी तह करणारा मूळ लोकांचा प्रमुख मॅसासोइट याचा मुलगा मेटाकॉम १६७५मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला, तोवर ही कुरबुर दोन पिढ्या साचलेली होती.

शेवंती:
दोघांचेही मनापासून आभार. टिस्क्वांटमबद्दल वाचून मुलगी गप्प झाली, आता प्रकल्पाचा पहिला भाग त्याच्यावरच करायचं म्हणतेय. एक शंका राहिली. ऱ्होड आयलंड ही शेजारची वसाहत वेगळी का झाली? तेही चराईसाठीच?

दर्यावर्दी:
पाणकावळा, तुमचं म्हणणं मान्य. हे मी आधीच लिहायला हवं होतं. मी इथे मॅसॅच्युसेट्सला राहतो. मागच्या जंगलात फिरायला गेलं की झाडीत मध्येच जुने दगडी गडगे लागतात. बरेचसे नंतरच्या काळातले आहेत, पण दर हिवाळ्यात गोठलेल्या मातीतून वर येणारे दगड वेचून रचलेले. ते बघताना मला नेहमी फक्त रचणाऱ्याचे कष्ट आठवत आले.

शेवंतीताई, ऱ्होड आयलंडचं कारण चराई नव्हे. रॉजर विल्यम्स म्हणायचा की सरकारनं माणसाच्या श्रद्धेत हात घालू नये, आणि राजाच्या सनदेनं मूळ लोकांची जमीन आपली होत नाही. १६३५मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. ऐन बर्फात तो निघाला आणि १६३६मध्ये प्रॉव्हिडन्स वसवलं, तिथून ऱ्होड आयलंडची सुरुवात झाली, नॅरागॅन्सेट या मूळ टोळीचे प्रमुख कॅनोनिकस आणि मियांटोनोमी यांच्याकडून जमीन घेऊन. १६३८मध्ये धर्ममतांवरून बोस्टननं घालवलेल्या ॲन हचिन्सनच्या मंडळींना अक्विडनेक बेटही याच दोघांनी दिलं.

१६४३मध्ये मॅसॅच्युसेट्स, प्लिमथ, कनेक्टिकट आणि न्यू हेवननं संघ केला. ऱ्होड आयलंडला त्यात घेतलं नाही. त्याच वर्षी मोहेगन या दुसऱ्या मूळ टोळीचा प्रमुख अंकस यानं मियांटोनोमीला पकडलं. त्याचं काय करायचं ते या संघाच्या प्रतिनिधींनी बोस्टनला बसून ठरवलं आणि अंकसच्या माणसांकरवी त्याला मारवलं. विल्यम्स तेव्हा सनद मिळवण्यासाठी इंग्लंडला गेला होता.