तुळेचा रवी नीचेचा, म्हणून बापाला जपायचं?

साताऱ्याची सून:
मुलीचा जन्म 28 ऑक्टोबर 2023, कोजागिरी, दुपारी 1, सातारा. बारशाआधी पत्रिका करून घेतली. गुरुजींनी दहाव्या घरातल्या ‘र’भोवती पेनाने गोल केला, म्हणाले, "रवी नीचेचा आहे, बापाला जपा." बस, एवढंच. तेव्हापासून ह्यांना साधी शिंक आली तरी सासूबाई नातीकडे बघतात. आता तिच्यासाठी माणकाची, म्हणजे रवीच्या रत्नाची, अंगठी करायचं चाललंय. एवढ्याशा पोरीला!

त्यात न्यूजर्सीच्या नणंदबाई म्हणतात ती वृश्चिक. गुरुजी रास मेष सांगतात आणि रवी तुळेत. एका पोरीला तीन राशी कशा?

निवृत्त पोस्टमास्तर:
ताई, आपण रास म्हणतो ती चंद्राची. कोजागिरी म्हणजे पौर्णिमा, चंद्र रवीच्या समोर. रवी तुळेत म्हणून चंद्र मेषेत. गुरुजी बरोबर आहेत. नणंदबाईंची वृश्चिक ही रवीचीच, पण सायन गणिताने, म्हणजे राशी ऋतूंवरून मोजून. आपलं निरयन, ताऱ्यांवरून मोजलेलं. दोन्हींत साधारण 24 अंशांचा फरक. म्हणून तर दिवस डिसेंबरात मोठा व्हायला लागतो आणि आपण तिळगूळ जानेवारीत वाटतो.

आता नीचेचं, म्हणजे ग्रह सर्वांत दुबळा मानतात त्या राशीचं. रवी मेषेत 10 अंशांवर परमोच्च, म्हणजे सर्वांत बलवान, समोर तुळेत 10 अंशांवर परमनीच. तुमच्या मुलीचा दहाच्या जवळपासच आहे, म्हणून गुरुजी दचकले असतील. पण दुपारी एकचा जन्म, रवी डोक्यावर, म्हणून तर तो दशमात बसला. तिथे त्याला दिग्बल, म्हणजे दिशेचं बळ, मिळतं. शिवाय त्याच्या उच्च राशीचा, मेषेचा, स्वामी मंगळ त्याच घरात, केंद्रात (1, 4, 7, 10 ही केंद्राची घरं). ह्याला नीचभंग म्हणतात, नीचेचा दोष मोडतो. पेन हातात होतं तर मंगळाभोवतीही गोल करायचा होता की!

रवी पितृकारक, म्हणजे वडिलांचा दर्शक ग्रह, हे खरं. पण वडिलांचं काही बघायचं तर नवम स्थान, म्हणजे नववं घर, बघा, त्याहून आधी वडिलांची स्वतःची पत्रिका बघा. त्या वर्षी 18 ऑक्टोबरपासून महिनाभर जन्मलेल्या प्रत्येक पोराचा रवी तुळेतच होता.

आणि माणिक अजिबात नको. लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, मकर. तिथून सिंह आठवी, तिचा स्वामी रवी, म्हणजे रवी अष्टमेश. अष्टमेशाचं रत्न मी चाळीस वर्षांत कुणाला घालायला सांगितलेलं नाही.

कऱ्हाडकर:
माझाही रवी तुळेचा. बाबा 81 वर्षांचे आहेत, काल रिमोटवरून माझ्याशी भांडले. विश्वास ठेवायचा तर दोन्ही बाजूंनी ठेवा.

जिज्ञासू:
काका, रवीबरोबर बुधही आहे ना? म्हणजे बुधादित्य योग, पोर हुशार?

निवृत्त पोस्टमास्तर:
बुध रवीपासून 28 अंशांपलीकडे जातच नाही. एकाच घरात दोघं सापडणं ही रोजची गोष्ट. एवढ्यावर पेढे वाटू नका. उलट कुठल्या पत्रिकेत बुध रवीपासून चार घरं लांब दिसला, तर ती पत्रिकाच चुकलीय समजा.

साताऱ्याची सून:
काका, सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. दिग्बल, नीचभंग कशानेच काही हललं नाही. ‘अष्टमेश’ ऐकलं आणि सोनाराला फोन करून अंगठी थांबवली. आता मात्र अष्टमेश म्हणजे काय, ते विचारत माझ्या मागे लागल्यात. आठवं घर मृत्यूचं मानतात ना, म्हणून जरा सौम्य शब्दांत लिहाल का?