रात्रीच्या छायाचित्रणात नजर जाते आणि दिशा हरवते : काय करावे?

सडेवाटसरू यांचा प्रश्न

नमस्कार. गेली चार वर्षे मी रात्रीच्या आकाशाची छायाचित्रे काढतो आहे. कॅमेऱ्याच्या बाजूने फारशी अडचण उरलेली नाही, परंतु माझ्या स्वतःच्या डोळ्यांची आणि पावलांची अडचण मात्र वाढत चालली आहे, म्हणून अनुभवी मंडळींकडे मार्गदर्शन मागतो आहे.

गेल्या एप्रिलमध्ये अमावस्येच्या रात्री आम्ही तिघे पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर होतो. तिथे आग्नेयेला कोल्हापूरच्या दिव्यांचा उजेड आकाशात पसरलेला असतो, त्यामुळे आकाशगंगेचा दाट भाग त्यातून वर निघून दक्षिणेकडे सरकेपर्यंत, म्हणजे रात्री अडीच-तीनपर्यंत, वाट पाहावी लागते. पावणेतीनच्या सुमारास एक चित्र मनासारखे आले असे वाटले, म्हणून तारे ठिपक्यासारखे उमटले आहेत की रेघेसारखे ओढले गेले आहेत हे पाहण्यासाठी मी स्क्रीनवर चित्र मोठे करून चारही कोपरे तपासले. त्यात दोन-तीन मिनिटे गेली असतील. मान वर केली तेव्हा आकाशही दिसेना आणि पायाखालची जमीनही दिसेना. डोळ्यांपुढे स्क्रीनच्या आकाराचा एक हिरवट चौकोन तेवढा तरंगत होता.

बॅटरी बदलायची होती आणि बॅग मागे दहा-बारा पावलांवर आहे याची मला खात्री होती. मी वळलो आणि चालू लागलो. वीस पावले झाली तरी बॅग पायाला लागली नाही, म्हणून डावीकडे वळलो, पुन्हा थोडे मागे आलो, आणि आता ट्रायपॉड कोणत्या बाजूला राहिला हेही कळेनासे झाले. थोड्या वेळाने पायाखालचा सपाट जांभा संपून सुटे खडे लागू लागले आणि वारा खालून वर, थेट तोंडावर येऊ लागला. कडा जवळ आहे हे ध्यानात येताच मी होतो तिथेच खाली बसलो आणि हाक मारली. सोबत्याने काळजीपोटी हेडटॉर्च लावून ती नेमकी माझ्या चेहऱ्यावर रोखली, त्यामुळे जी काही नजर परतत होती तीही गेली. उजाडल्यावर पाहिले तेव्हा मी बसलो होतो तिथून कडा सात पावलांवर होता.

त्या रात्रीची सात पावले अजून मनातून जात नाहीत. गेलेली नजर परत यायला नेमका किती वेळ लागतो, लाल दिव्याचा खरोखर उपयोग होतो का, आणि सपाट पठारावर अंधारात दिशा कशी धरून ठेवावी, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. माझे वय ४७ आहे. बराच वेळ मान वर करून पाहिले की हल्ली किंचित भोवळल्यासारखेही होते.

ज्येष्ठा यांचे उत्तर

नमस्कार सडेवाटसरू. आपण खाली बसलात ही त्या रात्रीची सर्वांत योग्य कृती होती, हे प्रथम सांगते.

अंधारात गेल्यावर डोळ्याची बाहुली काही सेकंदांतच मोठी होते, पण खरे काम दृष्टिपटलावर होत असते. तिथल्या शंकूपेशी भर उजेडात आणि रंगांसाठी उपयोगी पडतात. त्या आठ-दहा मिनिटांत अंधाराला जितक्या सरावायच्या तितक्या सरावतात. मंद प्रकाशात आपल्याला दाखवतात त्या दंडपेशी. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचे द्रव्य असते, ते प्रखर प्रकाशाने विघटित होते आणि पुन्हा पुरेसे तयार व्हायला साधारण अर्धा तास, कधी चाळीस मिनिटेही लागतात. आपण पाऊणशे वेळा अर्धा-अर्धा सेकंद स्क्रीन पाहिली असती तरी नुकसान झालेच असते, मग सलग दोन-तीन मिनिटे टक लावून पाहिल्यावर काही दिसेनासे झाले यात आश्चर्य नाही. हे नुकसान एका क्षणात होते आणि भरपाई मात्र अर्ध्या तासाने, हे गणित आकाशनिरीक्षणाला येणाऱ्या प्रत्येक नवख्याला मी पहिल्या रात्री सांगते.

लाल दिव्याचे कारणही यातच आहे. दंडपेशी निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि गडद लाल प्रकाश त्यांना जवळजवळ जाणवत नाही. मात्र बाजारातले पुष्कळ लाल दिवे इतके प्रखर असतात की त्यांचा हेतूच विफल होतो. लाल असण्याइतकेच मंद असणे महत्त्वाचे आहे. मी माझ्या हेडटॉर्चवर लाल जिलेटिन कागदाच्या तीन घड्या लावल्या आहेत आणि हातभर अंतरावरचा मजकूर जेमतेम वाचता येईल एवढाच उजेड ठेवते. कॅमेऱ्याच्या स्क्रीनचा प्रकाश सर्वांत खालच्या पायरीवर आणावा, चित्र काढल्यावर ते आपोआप दिसण्याची सोय बंद करावी, आणि कार्डावर चित्र साठवताना लुकलुकणाऱ्या दिव्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावावा. स्क्रीन पाहणे अटळच असेल तर एक डोळा घट्ट मिटून दुसऱ्याने पाहावे. मिटलेल्या डोळ्याची कमावलेली नजर बऱ्याच अंशी शाबूत राहते, आणि समोरून गाडीचे दिवे आले तरी हाच उपाय चालतो.

आणखी एक सवय लावून घ्यावी. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात, म्हणून अंधारात एखाद्या वस्तूकडे थेट रोखून पाहिले की ती नाहीशी होते. वाटेतला दगड पाहायचा असेल तर नजर त्याच्या किंचित बाजूला ठेवावी, म्हणजे दगड दिसू लागतो.

नजर परतली की नाही हे ओळखण्याची माझी एक जुनी, ढोबळ पण भरवशाची खूण आहे. सप्तर्षींमधल्या वसिष्ठाशेजारी अरुंधती सहज, ताण न देता दिसू लागेपर्यंत मी पाऊल उचलत नाही. लग्नात वधूवरांना दाखवतात ती हीच अरुंधती. एप्रिलमध्ये पहाटे तीनला सप्तर्षी वायव्येकडे कललेले पण चांगले वर असतात.

दिशेसाठीही तेच कामाला येतात. पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेघ क्रतूच्या पुढे पाचपट वाढवली की ध्रुव सापडतो. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची आपल्या ठिकाणाच्या अक्षांशाएवढी असते, म्हणजे मसाई पठारावर साधारण १७ अंश. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे १० अंश झाकते, तेव्हा पावणेदोन मुठींवर ध्रुव शोधावा. पावसाळ्यानंतरच्या रात्री सप्तर्षी मावळलेले असताना हेच काम शर्मिष्ठा या तारकासमूहाकडून करून घ्यावे. ट्रायपॉड लावतानाच ‘गाडी ध्रुवाकडे, कडा विंचवाच्या शेपटीकडे’ असे काहीतरी मोठ्याने म्हणून ठेवले तर गोंधळलेल्या क्षणी तेच शब्द आठवतात. मात्र विंचू, म्हणजे वृश्चिक तारकासमूह, रात्रभरात पश्चिमेकडे सरकतो याचे भान ठेवावे. ध्रुव जागचा हलत नाही.

काजवेवाट यांचे उत्तर

ज्येष्ठाताईंनी डोळ्यांबद्दल सांगितले ते सर्व मान्य आहे, परंतु लाल दिव्याबाबत एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. लाल दिवा कॅमेऱ्याजवळ बसून काम करण्यासाठी आहे, चालण्यासाठी नाही. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे अशा खडकाळ पठारावर, फुरसे असते. तपकिरी अंगाचे ते लहानसे जनावर तांबड्या दगडावर भर उजेडातही पटकन दिसत नाही. लाल प्रकाशात दगड, माती, वाळके गवत आणि फुरसे या सर्वांचा एकच रंग होतो. खोलीचाही अंदाज चुकतो, भेग आणि सावली सारखीच दिसते. म्हणून जागा सोडून चार पावलांपेक्षा जास्त जायचे असेल तेव्हा सोबत्यांना आधी मोठ्याने सांगावे, त्यांनी डोळे मिटावेत, आणि आपण पांढरा दिवा पायाशी धरून चालावे. त्यात अर्धा तास नजर गेली तर जाऊ द्यावी. चित्र पुन्हा काढता येते.

मी दरवर्षी मेअखेरीस आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांची छायाचित्रे काढतो. तिथे दिवा लावण्याचा प्रश्नच येत नाही, कारण काजव्यांची लुकलुक हे नर-मादीचे बोलणे असते आणि आपला उजेड त्या बोलण्यात अडथळा आणतो. त्यामुळे तिथे सर्व काम हाताच्या स्पर्शाने करावे लागते, आणि ती शिस्त मला पठारांवरही उपयोगी पडली आहे.

मी सूर्यास्ताच्या किमान एक तास आधी जागेवर पोहोचतो आणि ट्रायपॉडच्या जागेपासून प्रत्येक दिशेला चालून पावले मोजतो : बांधापर्यंत किती, वाटेपर्यंत किती, उतार कुठे सुरू होतो. संधिप्रकाश असतानाच झाडावर फोकस साधून लेन्सच्या कड्यावर चिकटपट्टी लावतो. पट्टीच्या कडेला काडेपेटीची अर्धी काडी चिकटवलेली असते; अंधारात बोट फिरवले की काडी बोटाला लागते आणि कडे सरकले की नाही ते न पाहता कळते. त्याच वेळी अग्रभागाचे चित्रही काढून ठेवतो. त्यानंतर ऐन, हिरडा, बेहडा या झाडांवर काजवे पेटू लागले की रिमोटने २०-३० सेकंदांची चित्रे एकामागून एक घेत राहायचे आणि घरी ती एकावर एक जोडायची. मध्ये स्क्रीन पाहण्याचे कारणच उरत नाही. आपले काम ताऱ्यांचे आहे, तरी फोकसची तपासणी एकदाच, नीट, सुरुवातीला करून पुढे हात न लावणे आपल्यालाही जमण्यासारखे आहे.

बॅग दहा-बारा पावलांवर ठेवणे हीच मुळात चूक झाली, असे मला स्पष्टपणे वाटते. बॅग ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला टांगावी किंवा एका ठरलेल्या पायाशी ठेवावी. माझी नेहमी उत्तरेकडच्या पायाशी असते. भरलेल्या बॅटऱ्या उजव्या खिशात, संपलेल्या डाव्या खिशात. गाडी किंवा बसण्याची जागा लांब असेल तर ट्रायपॉडपासून तिथपर्यंत पांढरी सुतळी जमिनीवर टाकून ठेवावी आणि निघताना ती आठवणीने गुंडाळून घ्यावी. सुतळी हाताशी असली की मन शांत राहते, आणि अंधारात निम्मे काम मनाचेच असते. डोळ्यांपुढे खूण नसेल तर माणूस सरळ रेषेत चालूच शकत नाही, आपल्याला सरळ वाटत असते आणि आपण वळत जातो. तुमची वीस पावले बॅगेच्या दिशेने पडलीच नसणार.

खुणेसाठी एकच मंद दिवा ठेवू नये, हेही सांगतो. पूर्ण काळोखात एकटा ठिपका टक लावून पाहिला की तो स्थिर असूनही हलल्यासारखा दिसतो. दोन दिवे चार-पाच हात अंतराने, एकामागे एक ठेवावेत. ते एका रेषेत दिसले की आपण वाटेवर आहोत आणि फाकलेले दिसले की भरकटलो आहोत. बंदरात शिरताना किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरतात, तीच ही रीत.

नेत्रवैद्य यांचे उत्तर

मी व्यवसायाने नेत्रतज्ज्ञ आहे, त्यामुळे थोडक्यात लिहितो. चाळिशीनंतर बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही आणि अंधाराला सरावण्याचा वेगही मंदावतो, त्यामुळे आपल्याला मित्रांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर ते स्वाभाविक असू शकते. पण ‘असू शकते’ यावर थांबू नये. मंद उजेडात डोळा किंचित लघुदृष्टीकडे झुकतो, म्हणून दिवसा न जाणवणारा बारीक नंबरही रात्री त्रास देतो. मोतीबिंदूची सुरुवात, मधुमेहामुळे दृष्टिपटलावर झालेला परिणाम, अ जीवनसत्त्वाची कमतरता आणि काही आनुवंशिक विकार यांतही रातांधळेपणा दिसतो. बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची तपासणी एकदा अवश्य करून घ्यावी. ज्या रात्री काम करायचे असेल त्या दिवशी पठारावरच्या कडक उन्हात उघड्या डोळ्यांनी हिंडू नये. गडद गॉगल लावावा, कारण दिवसभराच्या प्रखर उन्हाचा परिणाम त्या रात्रीच्या नजरेवर होतो.

भोवळीबद्दल असे की, शरीराचा तोल डोळे, कानातील तोलाचे इंद्रिय आणि पाय-मानेच्या स्नायूंची जाणीव या तिघांवर चालतो. अंधारात डोळे बाद होतात, वर केलेली मान उरलेल्या दोघांनाही गोंधळात टाकते. आकाश पाहायचे तर आरामखुर्चीत मागे रेलून किंवा सतरंजीवर आडवे होऊन पाहावे, आणि उठल्यावर अर्धा मिनिट ट्रायपॉडपासून दूर, दोन्ही पाय फाकवून स्थिर उभे राहावे. घरी बिछान्यात कूस बदलतानाही भोवळ येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

सडेवाटसरू यांचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. डोळ्यांची तपासणी करून घेतली. दोन्ही डोळ्यांना पाव नंबर निघाला असून रात्रीसाठी वेगळा चष्मा करायला दिला आहे. दृष्टिपटल निरोगी आहे.

काल रात्री गावाकडच्या घराच्या गच्चीवर सराव केला. स्क्रीन सर्वांत मंद ठेवून, उजवा डोळा मिटून, चित्राऐवजी फक्त हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) पाहिला. नंतर डावा डोळा झाकून उजव्याने पाहिले तर कृत्तिकेच्या पुंजात सहा तारे मोजता आले, आणि उजवा झाकून डाव्याने पाहिले तर तिथे पुंजाच्या जागी नुसता धुरकट डाग होता. डाव्या डोळ्याला ते सहा तारे दिसायला घड्याळाप्रमाणे २६ मिनिटे लागली. काडेपेटीची काडीही लेन्सवर लावून पाहिली, पण हातमोजे घातले की ती बोटाला जाणवत नाही. काजवेवाट, थंडीत आपण उजव्या हातमोज्याचे टोक कापता की दुसरी काही युक्ती करता, एवढे कृपया कळवावे. डिसेंबरच्या अमावस्येला पुन्हा मसाईवर जाण्याचे ठरले आहे, आणि या वेळी आम्ही दुपारी चारलाच पोहोचून कड्यापर्यंतची पावले मोजणार आहोत.