महिन्याला ४० हजार फिक्स, पण तारखा त्यांच्या. डीजेने रिटेनर (दर महिन्याला ठरलेले पैसे घेऊन बांधून राहणं) घ्यावा का?

कन्सोल_पुणेकर:
एका वेडिंग प्लॅनर कंपनीने करार पाठवलाय, जानेवारी २०२६ ते डिसेंबर २०२६. महिन्याला ४० हजार फिक्स, त्यात ५ इव्हेंटपर्यंत वाजवायचं. साउंड-लाइट त्यांचं, माझा फक्त कंट्रोलर (गाणी मिक्स करायचं मशीन) आणि लॅपटॉप. मुख्य अट एकच, वर्षभर पुण्यात दुसऱ्या कुठल्या प्लॅनरची सुपारी घ्यायची नाही. घरी सगळे खूश, बायको म्हणते चला एकदाचा पगार सुरू झाला. पण माझं मत असं की मासिक रिटेनर हा प्रकारच आपल्या धंद्याला बसत नाही, आपला धंदा महिन्यावर चालतच नाही, मुहूर्तावर चालतो. गेल्या वर्षी लग्नसराईच्या ६ महिन्यांत माझे ४२ इव्हेंट झाले, सरासरी १४ हजार, म्हणजे ५ लाख ८८ हजार. उरलेल्या ६ महिन्यांत वाढदिवस, कॉर्पोरेट धरून ८, त्याचे ८० हजार. एकूण ६ लाख ६८. आणि हे मला ४ लाख ८० देऊन ६० इव्हेंट वाजवून घेणार, म्हणजे नगाला ८ हजार. ८ हजारात मी हळदसुद्धा घेत नाही.

हप्ता_बाकी:
भावा ६० होणार कुठून? भाद्रपदात लग्नं लावणारेत का ते? फार तर ३५ होतील, म्हणजे इव्हेंटमागे पावणेचौदा हजार पडले, तुझ्या सरासरीला जवळपास तेवढेच. वर क्लायंट शोधा, ॲडव्हान्ससाठी पाच वेळा फोन करा, बाकी पैशासाठी मुलीच्या मामाच्या मागे फिरा हे सगळं वाचलं. मी २०२० पाहिलंय, मार्च ते दिवाळी एक इव्हेंट नाही, लोक ॲडव्हान्स परत मागायला दारात आणि मी टॉप-बेसचे स्पीकर निम्म्या किमतीत विकून हप्ते भरले. त्या वर्षी कुणी महिन्याला १५ हजार दिले असते तरी मी सही करून वर पाया पडलो असतो.

पंचांग_उघडा:
मुहूर्तावर चालतो म्हणतोस ना, मग २०२६ चं पंचांग बघितलंस का? अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. म्हणजे अर्धा मे गेला. २०२३ ला अधिक श्रावण होता, तो तसाही चातुर्मासात पडला म्हणून आपल्याला कळलासुद्धा नाही, हा मात्र भर सीझनमध्ये आलाय. पुढे निज ज्येष्ठात मुहूर्त असले तरी पावसात लॉन कोण घेतंय. आणि दिवाळीच ८ नोव्हेंबरला, तुळशीची लग्नं त्यानंतर, म्हणजे नोव्हेंबरही जवळपास कोरडा. तुझ्या ४२ मधले ८-९ वजा कर, येतात ५ लाख ४०-५० हजार. आता फरक राहिला ६०-७० हजारांचा, तेवढ्यासाठी वर्षभराची झोप घालवणार का?

कन्सोल_पुणेकर:
अधिक मासाचं डोक्यात नव्हतं, मान्य. पण उलट्या बाजूने बघा, मुहूर्त कमी म्हणजे राहिलेल्या तारखांवर झुंबड. मेच्या पहिल्या पंधरवड्यात मला एकेका रिसेप्शनला २५ हजार मिळतील, आणि नेमका तेव्हाच मी ह्यांच्याकडे बांधलेला. ३५ इव्हेंटचं म्हणाल तर खरी ग्यानबाची मेख पान ३ वर आहे, "न वापरलेले इव्हेंट पुढील महिन्यांत वापरता येतील". म्हणजे जुलै-ऑगस्ट-सप्टेंबरचे १५ साठवून डिसेंबरमध्ये माझ्या डोक्यावर. तेव्हा ते म्हणतील तुझे २० बाकी आहेत, ये.

मांडव_ते_स्टेज:
मी प्लॅनर आहे, दुसरी बाजू पण ऐका. आम्ही रिटेनर देतो ते तुमच्या कलेवर प्रेम म्हणून नाही. दोन वर्षांपूर्वी ऐन संगीतच्या आदल्या रात्री माझ्या डीजेचा मेसेज आला, ताई ताप आलाय. ताप कुठला, दुसरीकडे ७ हजार जास्त मिळाले होते, स्टोरीला व्हिडिओ टाकले त्याने! मुलीच्या वडिलांसमोर मी कशी उभी राहिले ते मलाच माहीत. तेव्हापासून दोन डीजे महिन्यावर ठेवलेत. मी वाजवण्याचे पैसे देत नाही, तारीख धरून ठेवण्याचे देते, हॉल रिकामा राहिला तरी ५ तारखेला पैसे जातात. बाकी ते साठवण्याचं कलम चूकच आहे दादा, माझ्याकडे फार तर १ इव्हेंट पुढच्या महिन्यात जातो, नंतर बाद. आणि पूर्ण एक्सक्लुझिव्ह हवं असेल तर ४० कमीच आहेत.

फडावरचा:
आमचं गाव नारायणगावच्या बाजूला, घरात दोन पिढ्या तमाशात गेल्या. हे जे तुम्ही रिटेनर रिटेनर करताय ना त्याला आमच्याकडे उचल म्हणतात. सीझनच्या आधी फडमालक एकरकमी उचल द्यायचा, त्यावर घरचं लग्न नाहीतर आजारपण निघायचं, मग सात-आठ महिने माणूस त्या फडाचा. दुसरीकडे जास्त मिळतंय म्हणून जाता येत नाही, आधी उचल फेड. माझा काका ढोलकीला बसायचा, शेवटपर्यंत त्याच्या अंगावर कुठल्या ना कुठल्या मालकाची उचल होती. तुमची पांढरपेशी उचल आहे एवढंच, इंग्रजीत टाईप केलेली.

मांडव_ते_स्टेज:
दादा ही तुलना नाही पटली. उचल म्हणजे कर्ज, आधी घेता आणि अंगमेहनतीने फेडता. इथे महिना झाला की महिन्याचे पैसे, मागचं काही देणं-घेणं नाही. सोडायचं तर उद्या सोडा.

कन्सोल_पुणेकर:
ताई तुमच्याकडे असेल तसं. माझ्या करारात ३ महिन्यांची नोटीस आहे आणि मधेच सोडलं तर शेवटच्या २ महिन्यांचे पैसे परत. मग ती उचल नाही तर काय?

फडावरचा:
घ्या.

जमाखर्च:
डीजे नाही, हिशोब बघतो लोकांचे, त्यामुळे कोरडं बोलतो. एक, टीडीएस किती कापणार ते आधी लिहून घ्या. कुणी कंत्राटदार धरून १ टक्का कापतं, कुणी प्रोफेशनल म्हणून १०. ४ लाख ८० वर १० टक्के म्हणजे ४८ हजार रिटर्न भरून रिफंड येईपर्यंत अडकले. जीएसटीची काळजी नको, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे. दोन, उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, करून ठेवा, फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे लांबवता येत नाहीत आणि लांबवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं. आमच्या क्लायंटने दिले की तुम्हाला देतो हे वाक्य करारात असलं तर पहिलं ते खोडा. आणि करार संपल्यावर १ वर्ष शहरात दुसऱ्या कुणासाठी वाजवायचं नाही असं घातलं असेल तर घाबरू नका, १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ बघा, असली अट टिकत नाही. करार चालू असतानाची बंदी मात्र सहसा टिकते, तेव्हा भांडायचं ते आत्ता, सहीच्या आधी.

हप्ता_बाकी:
तिप्पट व्याज मागितल्यावर पुढचं काम कोण देणार साहेब 😂

जमाखर्च:
तो प्रश्न कायद्यात नाही.

शॅकवाला_डीजे:
गोव्यात ४ सीझन महिन्यावर वाजवतोय, ऑक्टोबर ते मे, काही त्रास नाही. पण इथे जागा एक, वार ठरलेले, वेळ ठरलेली. जूनमध्ये किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे तात्पुरती हॉटेलं, उतरवतात, तेव्हा माझाही करार उतरतो, पावसाचे पैसे मी मागत नाही आणि पावसाचं काम ते साठवत नाहीत. तुमच्याकडे आज हडपसर, उद्या लोणावळा, परवा महाबळेश्वर, त्याला कसला आलाय रिटेनर. एक विचारतो, रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर बंद हा नियम २००० सालापासूनचा, लॉनवर १० नंतर वाजलं आणि पोलीस आले तर करारात जबाबदारी कुणाची लिहिलीये? जप्तीत पहिला तुझा कंट्रोलर जातो.

कन्सोल_पुणेकर:
आत्ता उघडून बघितलं. "आवाजाबाबतच्या सर्व तक्रारींची जबाबदारी कलाकाराची." साउंड त्यांचं, लॉन त्यांनी घेतलेलं, अजून दोन गाणी वाजव म्हणून मागे लागणारा नवरदेवाचा भाऊ त्यांचा क्लायंट, आणि केस माझ्यावर.

पंचांग_उघडा:
ते खोड. पण सगळं खोडत बसलास तर २० जूनला काम नाही म्हणून मला फोन करू नकोस.

कन्सोल_पुणेकर:
आज त्यांच्याशी बोललो. म्हटलं ४० च द्या, पण महिन्याला ५ असा आकडा नको, वर्षाच्या ३० तारखा आत्ता लिहून द्या, बाकीच्या तारखा माझ्या, मी कुठेही वाजवेन. आवाजाचं कलम काढतो म्हणाले. साठवण्याचं बघू म्हणाले. तारखांवर मात्र उत्तर आलं की डिसेंबरचं आत्ता कसं सांगणार, क्लायंट यायचेत अजून.

हप्ता_बाकी:
म्हणजे तुझा डिसेंबर त्यांना आत्ता पाहिजे आणि त्यांचा डिसेंबर तुला नंतर कळणार. मी तुझ्या विरोधात बोलत होतो पण हे जरा जास्तच झालं. नाही म्हणालास ना मग?

कन्सोल_पुणेकर:
अजून नाही. आधी बायकोला सांगायचंय, तिने मुलाच्या नवीन शाळेची फी विचारून ठेवलीये.