आवडीतून शिकताना गणिताचे काय?
शाळेत न जाता घरीच आपल्या आवडीच्या मागे जात शिकणाऱ्या मुलाचे गणित कच्चे राहते, असा आक्षेप घेतला जातो; तो मला पटत नाही. सोलापुरात आमच्या शेजारच्या मागावर चादरीची नक्षी जकार्ड या मागावरच्या नक्षी विणण्याच्या यंत्रणेतल्या छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून उठते; छिद्र असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, हे उमगल्यावर आमच्या मुलीने चौकटीच्या वहीत स्वतःचा मोर आखला आणि तो दोन्ही बाजूंनी सारखा यावा म्हणून मधल्या रेषेपासून घरे मोजता मोजता सममिती तिला आपसूक कळली. पाढे मात्र आम्ही वेगळे बसून घेतो, आणि ते घ्यायलाच हवेत.

शाळेत न जाणाऱ्या मुलाच्या परीक्षेचे काय, या काळजीबद्दल एवढेच, की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत वयाची 14 वर्षे पूर्ण झाल्यावर शाळेत न जाताही दहावीला बसता येते.