मदत हवी आहे: बँजोला तातेसारख्या कृत्रिम तारा

मंडळी, हा गणपतीच्या मिरवणुकीतला बटणांचा बेंजो नव्हे. अमेरिकेतला, पुडी मढवलेला, पाच तारांचा. (आईला फोनवर हे पटवायला मला दोन रविवार लागले.)

मी व्हर्जिनियात राहतो, क्लॉहॅमर शिकतोय. त्यात नखाच्या पाठीने तारेवर वरून खाली मारायचं असतं, आणि पोलादी तारांनी माझं नख महिन्यातून दोनदा तुटतं. शिवाय मला हवाय तो जुना, भरीव, लवकर विझणारा आवाज. १९व्या शतकात बँजोला आतड्याची तातच असे. खरी तात महाग, आणि इथल्या दमट उन्हाळ्यात सुरात राहत नाही. म्हणून इटलीच्या अक्विला कंपनीची नायलगट ही कृत्रिम तार घ्यायचं ठरवलंय. तिची घनता तातेच्या जवळपास, त्यामुळे साध्या नायलॉनपेक्षा आवाज उजळ.

अडचण अशी. माझी पहिली पोलादी तार ०.०१० इंची, नवी तिच्या दुपटीहून जाड. नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) खाचेत बसणार नाही. कानशीने खाच रुंद केली आणि पुढे परत पोलादी लावायच्या झाल्या, तर त्या तिथे खुळखुळतील ना?

दुसरं, टेलपीसला (खालच्या टोकाला तारा अडकवतात तो भाग) आकडे आहेत. पोलादी तारेच्या टोकाला फासा असतो, हिला नसतो. आधी तारेऐवजी गळाची दोरी लावून पाहिली. सुरात यायच्या आत आकड्यापाशी तुटली.

प्रतिसाद:
जुना नट हलकेच ठोकून काढा, डबीत ठेवा आणि कानस नव्या नटवर चालवा. खाच तारेपेक्षा केसभर रुंद, तळ गोल. खुंटी पिळताना टिक्‌ टिक्‌ वाजलं तर तार अडकतेय. पेन्सिलीचं शिसं घासा. घोडीच्या खाचाही बघा, त्या सगळे विसरतात.

दोरी तुटली ती आकड्याच्या धारेने. बारीक पॉलिश पेपरने धार मोडा, तारेच्या टोकाला इंग्रजी आठासारखी गाठ मारून फासा करा. तारा एकेक बदला. सगळ्या एकदम काढल्यात तर घोडी पडेल आणि तिची जागा शोधत बसाल. ताण कमी होतो, त्यामुळे मान मागे झुकून तारा पडद्यांना घासल्या तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळी) पाव फेरा सैल करा. पहिले चार-पाच दिवस सूर उतरतच राहील. तार वाईट आहे असं समजून परत पाठवू नका.

धागाकर्ता:
आभारी आहे! पाचवीचं राहिलं. सातव्या पडद्यापाशी सूर चढवायला तिला अडकवायचा खिळा आहे, पोलादी तारेच्या मापाचा. जाड तार त्याखाली जाते का कुणाची?